योग्य तो पर्याय म्हणजे कोणता?

आमच्या ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे. साहेब तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणत. सायकलींच्या दुकानावरचा दुसरा मजला, दोन खोल्या, अकरा माणसं आणि एक खिडकी, जी उघडायची असेल तर प्रिंटर हलवावा लागे. एवढीच आमची कंपनी.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी प्रोग्रॅम बनवायचो. कोणत्या गटाची पिशवी कधी आली, किती दिवस चालेल, कुणाला दिली, याची सगळी नोंद त्यात राहायची. प्रोग्रॅम बराचसा मी लिहिला होता. त्याचा मला तेव्हा जो अभिमान होता तो आठवला की आता मान खाली जाते.

ताई आली होती टायपिंगसाठी. कामाला चोख, वेळेवर येणार, वेळेवर जाणार. फारशी बोलायची नाही, कारण बोलताना ती अडखळायची. लहानपणापासूनच. सगळ्याच शब्दांवर नाही. काही ठरावीक अक्षरांशी तिचं जुनं वैर होतं आणि त्यातली सगळ्यात वाईट दोन म्हणजे प आणि ब. वाक्याच्या मध्ये कुठे आली तर ती निभावून न्यायची, पण वाक्य त्यांनी सुरू करायचं म्हटलं की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत.

अशात आमची फोन घेणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि साहेबांनी ताईला फोनच्या टेबलावर बसवलं. साहेब दुष्ट नव्हते, ते नेहमी घाईत असायचे एवढंच. त्यांना रिकामी खुर्ची दिसली आणि जवळ बसलेलं माणूस दिसलं.

आता आमच्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये शब्द कोणते? पिशवी, प्रिंटर, पासवर्ड, बटण, बॅकअप. जणू कुणी मुद्दाम निवडून ठेवले होते. पहिल्याच दिवशी एका रक्तपेढीतून फोन आला, ताईने उचलला, आणि "प" वर अडकली. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला आणि मग म्हणाला, "तुमची लाइन खराब आहे, नंतर करतो." मी शेजारच्या टेबलावर होतो. ताईने रिसीव्हर हळूच खाली ठेवला, ओढणीच्या टोकाने पुसला, आणि पुढच्या रिंगची वाट बघत बसली. तिचे कान लाल झाले होते.

तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी येताना एक दोनशे पानी वही घेऊन आली. प्रत्येक फोनचा प्रश्न ती त्यात लिहू लागली, आणि संध्याकाळी निघायच्या आधी त्याचं उत्तर. तिचा बेत साधा होता, आणि तो तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितला. एखाद्या प्रश्नाचं उत्तर इतकं नीट लिहून पाठवायचं, की तो प्रश्न विचारायला पुन्हा कुणी फोन करू नये.

प्रोग्रॅमची पुस्तिका होती, नव्हती असं नाही. मीच लिहिली होती. चाळीस पानं, दोन दुपारींत. पहिलं प्रकरण 'प्रणालीची रचना'. ते वाचून आजवर एकाही माणसाचं कुठलंही काम झालेलं नव्हतं, पण साहेबांना ती जाड दिसायची म्हणून आवडायची.

एक दिवस ताई ती पुस्तिका घेऊन माझ्यापाशी आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंयस, 'योग्य तो पर्याय निवडा'. योग्य म्हणजे कोणता?"

"अहो ताई, ते कळतंच की."

तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग विचार बदलून टेबलावरची चिठ्ठी ओढली आणि त्यावर एक शब्द लिहिला: 'कुणाला?'

मी हसलो. ती हसली नाही. तिला खरोखर उत्तर हवं होतं. मी कॉम्प्युटर उघडला आणि दाखवायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की त्या जागी चार पर्याय आहेत आणि कोणता योग्य ते पिशवी कुठून आली यावर ठरतं. हे माझ्या डोक्यात होतं, पुस्तिकेत नव्हतं. त्या दिवसापासून ताईच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'नोंद जतन करा, म्हणजे कुठे दाबू?' 'हे लाल का झालं?' 'चुकून दाबलं तर परत येता येतं का?' सुरुवातीला मी वैतागायचो. नंतर नंतर सकाळी आल्यावर कीबोर्डवर चिठ्ठी नसली तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

ती घरी वडिलांबरोबर राहायची. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, कारण ताईने ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर मागून घरी नेला होता आणि त्यात आमचा प्रोग्रॅम घालून हवा होता. "आमचे बाबा पानं तपासतात," ती म्हणाली होती. मला वाटलं, वडील शिक्षक वगैरे असतील. बघतो तर म्हातारेबुवा निवृत्त शिंपी. आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. गळ्यात अजून मोजपट्टी.

"या, या. तुम्हीच का ते मशीनवाले?" त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. ताईने एक छापलेलं पान त्यांच्या हातात ठेवलं आणि ती मागे उभी राहिली. नियम असा होता की बाबांनी पानावर असेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, आणि तिने काही सांगायचं नाही.

बाबांनी चष्मा सरळ केला. "'बटण दाबा.' कुठलं गं? चाळीस वर्षं बटणं लावली मी, पण दाबायला अजून कुणी सांगितलं नव्हतं." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवून जोरात दाबलं. काही झालं नाही. "हे काज बंद आहे," ते म्हणाले.

ताईने हसत हसत वहीत लिहून घेतलं: माउसने दाबायचं, हे लिहिलेलं नाही.

दोन तास हे चाललं. एकदा ताई मला काही विचारत होती आणि अडकली. "ब..." मी सवयीने तिचा शब्द पुरा केला, "बॅकअप?" तिला बॅकअप म्हणायचं नव्हतं. बाबांनी मागे न बघता हाताचं एक बोट वर केलं, थांबा, अशा अर्थाने. मी गप्प झालो. बाबा पानावरच्या ओळींवरून बोट फिरवत बसले, जणू जगात कुणालाच कसलीच घाई नाही. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "बारीक अक्षर आहे का, असं विचारत होते मी." मी तीन वर्षं तिच्या शेजारी बसत होतो. तिचे किती शब्द मी चुकीचे पुरे केले असतील, याचा विचार घरी जाईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

सात-आठ महिन्यांत ताईची पानं सगळ्या रक्तपेढ्यांत गेली. एका कामाला एक पान. 'प्रिंटर लेबल अर्धंच छापत असेल तर.' 'एकाच दात्याची नोंद दोनदा झाली असेल तर.' लोकांना अडचण आली की ते आधी पानं चाळत. दिवसाला तीस फोन यायचे ते सहा-सातवर आले. एकदा दुपारी साहेब बाहेर आले, फोनकडे बघितलं, आणि खिशातला मोबाइल काढून आमचाच नंबर लावला. टेबलावरचा फोन वाजला. ताईने उचलला. साहेब तिच्यापासून चार पावलांवर उभे राहून मोबाइलमध्ये म्हणाले, "काही नाही, चालू आहे का बघत होतो."

मग ते एक प्रकरण झालं.

'नवीन कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी परत आणणे', असं एक पान ताईला लिहायचं होतं. तिने मला ते काम तिच्यासमोर करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं, तिने प्रत्येक पायरी उतरवून घेतली. शेवटी चिठ्ठी सरकवली: 'याच्या आधी काही करतोस का?' मी म्हणालो, "नाही, एवढंच." पान तयार झालं, माझ्याकडे तपासायला आलं, आणि मी न वाचता कोपऱ्यात 'तपासलं' लिहून सही केली.

चार महिन्यांनी एका डोंगराळ गावातल्या लहान हॉस्पिटलमधून फोन आला. तिथल्या रक्तपेढीत एकच टेक्निशियन होती. तिथल्या दोन कॉम्प्युटरांपैकी मुख्य बंद पडला, नवा आला, तिने ताईचं पान समोर ठेवून, एकही ओळ न गाळता नोंदी परत आणल्या. आणि नोंदींचा पार गोंधळ झाला. आधीच दिलेल्या पिशव्या पुन्हा शिल्लक दिसू लागल्या, फ्रीजमधल्या काही पिशव्या यादीतून गायब झाल्या. पडद्यावर ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या दिसत होत्या म्हणून ती घ्यायला गेली तर कप्पा रिकामा. तेव्हा तिला संशय आला. तिने पडद्यावर विश्वास ठेवणं बंद केलं आणि एकशे चाळीस पिशव्या एकेक करून हाताने तपासल्या. चुकीचं रक्त कुणालाही गेलं नाही. पण एका बाळंतिणीला दीड तास वाट बघावी लागली. ती बाई वाचली, बाळही सुखरूप राहिलं. तरी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी टेक्निशियनला निष्काळजीपणाचा मेमो दिला.

फोन ताईनेच घेतला होता. पलीकडची बाई ओरडत नव्हती. ताई म्हणाली, "ती मला सारखं विचारतेय, माझं काय चुकलं ते सांगा, मी सगळं पानाप्रमाणेच केलं."

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. पान हातात धरून विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"मी," ताई म्हणाली.

मला त्या क्षणी कळलं होतं काय झालं ते. नोंदी परत आणण्याआधी दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बंद करायचा असतो, नाहीतर दोन्हींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात. मी तो नेहमी बंद करतो. ताईला दाखवलं त्या दिवशीही, माझ्या जागेवर येता येता वाटेतल्या टेबलाशी वाकून मी तो बंद केला होता. हात आपोआप जातो. मी सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण साहेबांचा चेहरा बघून माझी जीभ टाळ्याला चिकटली. ताईची नाही, माझी.

ताई म्हणाली, "मी तिकडे जाते." साहेबांनी मला तिच्याबरोबर पाठवलं, नोंदी दुरुस्त करायला.

सकाळची बस होती, सहा तासांचा रस्ता, निम्मा वळणावळणांचा. दोन तास मी खिडकीबाहेर बघत काढले. मग म्हणालो, "ताई, ती पायरी..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "काल तू पुन्हा करून बघत होतास तेव्हा मी बघितलं. जाता जाता तुझा हात जातो."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"विचारल्यावर तू नाही म्हणालास, आणि मी ते खरं धरलं," ती म्हणाली. "मी तुझ्या हाताकडे बघायला हवं होतं. मी तोंडाकडे बघत बसले."

टेक्निशियन पस्तिशीची असेल. बारीक, उंच, डोळ्यांखाली काळं. आम्हाला बघून ती उभी राहिली, जणू आम्ही तिची झडती घ्यायला आलो होतो. ताईने तिला हाताला धरून बसवलं आणि बॅग उघडायच्या आधी म्हणाली, "तुमचं काहीही चुकलेलं नाही." ती बाई ताईकडे बघत राहिली. मग तोंड फिरवून फ्रीजच्या दारावरचं तापमान वाचायला लागली, जे तिने नुकतंच वाचलं होतं.

नोंदी जुळवायला आम्हाला दीड दिवस लागला. त्यात ताई निम्मा वेळ नुसती स्टूलवर बसून त्या बाईच्या हाताकडे बघत होती. मला आधी कळेना काय बघतेय. टेक्निशियनने ताईची सगळी पानं पुठ्ठ्यावर चिकटवून, वर प्लास्टिक लावून, फ्रीजशेजारी दोरीला टांगली होती, कारण हातात मोजे असताना पान उलटता येत नाही. जिथे मजकूर मागच्या बाजूला जात होता तिथे तिने तो उतरवून काढून पुढेच चिकटवला होता. कडेला पेन्सिलीने तिच्या सूचना होत्या: 'इथे अर्धा मिनिट थांबावं लागतं, घाबरू नये.' ताईने ते सगळं वहीत उतरवून घेतलं. 'घाबरू नये' खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. टेक्निशियनलाही ताईने बरोबर घेतलं. डॉक्टर रागीट नव्हते, थकलेले होते. टेबलावर फायलींचा ढीग. "बोला."

ताईच्या पर्समध्ये पत्र होतं. ते तिने आदल्या दिवशी लिहिलेलं मी बघितलं होतं. मला वाटलं, ती ते पुढे करेल. तिने केलं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "प..."

ओठ मिटले. डॉक्टरांनी मान वर केली. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. "प... प..." मानेची शीर ताठ झाली. काही क्षणांनी डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बसा. लिहून दिलंत तरी चालेल मला."

ताईने मान हलवली. मला तो शब्द माहीत होता. पुढचं वाक्यही माहीत होतं. मी दोन्ही हात खुर्चीखाली दाबून धरले आणि तोंड बंद ठेवलं.

"पान मी लिहिलं होतं," ताई म्हणाली. "त्यात एक पायरी राहिली. यांनी पानाप्रमाणे केलं, म्हणून गोंधळ झाला. आणि पडद्यावर विश्वास न ठेवता हाताने मोजलं, म्हणून माणसं वाचली."

एवढ्या चार वाक्यांना चार-पाच मिनिटं लागली असतील. डॉक्टरांनी त्यातली एकही तोडली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

मग मी उभा राहिलो. "ती पायरी मला माहीत होती, डॉक्टर. ताईंनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो, आणि पान न वाचता सही केली."

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे पाळीपाळीने बघितलं. मग फायलींतून तो मेमो काढला, मधोमध फाडला, आणि टेक्निशियनला म्हणाले, "जेवलात का तुम्ही आज?" ती नाही म्हणाली. "मग जा आधी."

बसमध्ये मी ताईला विचारलं, "पत्र होतं ना तुमच्याकडे?"

"त्यांनी ते पत्र फायलीला लावलं असतं," ती म्हणाली. "तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं."

परत आल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. ते मला बरंच बोलले, आणि बोलणं रास्त होतं. नव्या पानावर सगळ्यात वर ताईने लिहिलं की आधीच्या पानात काय चुकलं होतं, त्यामुळे काय झालं, आणि ते कुणामुळे लक्षात आलं. साहेबांना हे पसंत नव्हतं. "आपणच आपली चूक छापायची?" ताई म्हणाली, "जुनं पान अजून कुठेतरी टांगलेलं असेल. ते काढा म्हणून कळायला नको?" साहेबांनी डोकं खाजवलं आणि छापायला परवानगी दिली. मोठं अक्षर, एका कामाला एकच पुठ्ठा, मजकूर फक्त पुढच्या बाजूला. आणि जिथे जिथे थांबावं लागतं तिथे किती थांबायचं, आणि घाबरू नये, हेही.

ऑफिसातही एक नवी रीत पडली. प्रोग्रॅममध्ये मी काही बदलावं, ताईने मागे उभं राहून माझे हात बघावेत, आणि पान बाबांच्या हातून पार पडल्याशिवाय बाहेर जाऊ नये. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे कामं तुंबली. साहेब स्वतः फळं घेऊन भेटायला गेले आणि "बाबा, कधी रुजू होताय?" असं विचारून आले. बाबा शेवटपर्यंत पानं तपासत राहिले. त्यांच्यानंतर हे काम समोरच्या घरातल्या काकूंकडे आलं. काकू बाबांपेक्षा कडक आहेत. त्यांना एखादी ओळ कळली नाही तर त्या पान सरळ परत करतात.

ताई अजूनही अडखळते, तेव्हा जितकी अडखळायची तितकीच. ती टेक्निशियन आणि ताई दर दोन वर्षांनी एकमेकींकडे राहायला जातात, तेव्हा दोघी काय एवढं बोलतात देव जाणे, पण संपत नाही. आता ताई आठवड्यातून तीनच दिवस येते. हाताखाली दोघीजणी आहेत. त्यांना ती पहिला महिनाभर काही लिहू देत नाही, रक्तपेढीत नेऊन नुसतं बघायला बसवते.

साहेबांनी एकदा पानांवर तिचं नाव छापायचं काढलं होतं. तिने नको म्हटलं. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ घालून घेतली: 'या पानाप्रमाणे करून काम झालं नाही, तर चूक तुमची नाही, पानाची आहे. आम्हाला कळवा.' लोक कळवतात. कुणी मेल करतं, कुणी पानाचा फोटो काढून त्यावर लाल गोल करून पाठवतं. सोमवारी सकाळी ताई ते सगळं पुढ्यात घेऊन बसते. गेल्या महिन्यात तीन आले. दोन तिने त्याच दिवशी दुरुस्त केले. तिसऱ्यात पान बरोबर होतं, माझा प्रोग्रॅम चुकला होता. तो मी कालपर्यंत दुरुस्त करत होतो.